खालची चावी

जानकीबाईंनी आधी स्वयंपाकघरातला नळ सोडला, मग मोरीतला सोडला, आणि दोन्ही चालू ठेवून त्या बाहेरच्या खोलीत येऊन कान देऊन उभ्या राहिल्या. धार जराही बारीक झाली नाही. यादव दाराशी उभा होता. पोटची पोर स्टेजवर गात असताना बापाचा जसा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

"मोटर लावलीय काय?" जानकीबाईंनी विचारलं.

"मोटर?" यादव दुखावला. "मोटर लागती वरच्या लोकांना. इथं पानी आपल्या पायानं चालत येतं."

हे वाक्य पुढे लोकांनी त्याला बरेच दिवस परत केलं. पण त्या दिवशी ते फार शोभून दिसलं.

जानकीबाई मुलगा बघायला आल्या होत्या, म्हणजे खरं तर नळ बघायला. मुलगा त्यांनी आधीच पाहिला होता. यादवचा मिथुन मानकोलीला गोदामात सुपरवायझर होता, निर्व्यसनी होता, आणि बापासारखा बडबड्या नव्हता. एवढ्या गुणांवर लग्न जुळायला हरकत नव्हती. पण यादवचं आधीचं घर कातळीवर, आणि मुलीकडचे लोक कातळीचा चढ निम्मा चढून आले की त्यांना रिकामे हंडे घेऊन उतरणाऱ्या आणि भरले हंडे घेऊन चढणाऱ्या बायका भेटत. मग ते लोक चहा घेत, "कळवतो" म्हणत आणि उतारावर फार भराभर चालत.

"माजी धम्मदिना नर्सिंगचा कोर्स करती," जानकीबाई म्हणाल्या. "माजा जलम गेला पानी व्हायन्यात. तिच्या डोक्यावर हंडा बघायचा न्हाय मला."

"तुमच्या पोरीच्या डोक्यावर हंडा येनार न्हाय. माजा शब्द हाय," यादव म्हणाला, आणि शब्दाला वजन यावं म्हणून त्याने आत जाऊन उजवा हात वाहत्या नळावर ठेवला.

यादवची बायको कलावती इतका वेळ भिंतीला टेकून गुडघे चोळत बसली होती. नव्या घराबद्दल ती त्या दिवशी एकच वाक्य बोलली.

"आता बंद करा तो. वाया चाललंय."

यादव पाण्याच्या खात्यात चावीवाला होता. कागदोपत्री त्याला व्हॉल्व्हमन म्हणत, लूमवरचे भय्ये "चावीवाले चाचा" म्हणत आणि पाणी आलं नाही की सगळे मिळून जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. छातीइतकी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो रोज निघे. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडायचं, चावी आत सोडायची, मूठ धरून गोल फिरायचं. एका गल्लीचं पाणी सुरू, दुसऱ्या गल्लीचं बंद. नोकरीला लागल्यापासून तो असा गोल फिरत आला होता. अर्धी भिवंडी त्याच्या हातून पाणी प्यायली होती. कातळी तेवढी राहिली होती.

कातळी म्हणजे टेमघरच्या कडेचा काळ्या दगडाचा उंचवटा. फार पूर्वी हा मुलूख वसला तेव्हा जागेची वाटणी मोठ्या शहाणपणाने झाली होती. सपाट जमीन भाताला गेली. जरा उंच, पावसात न बुडणारी आणि विहिरीला पाणी लागणारी जागा जमीनवाल्यांच्या घरांना गेली. खाडीचा काठ होड्यावाल्यांना गेला. आणि जिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं असा खडक यादवच्या वाडवडिलांना मिळाला. ही वाटणी कोणी केली याची कुठे नोंद नाही. वाटणी करणाऱ्याच्या वाट्याला खडक आला नव्हता, एवढं नक्की. पुढे लूम आले. त्यांना नदी हवी होती आणि मुंबईचा रस्ता हवा होता, ते त्यांच्याजवळ बसले. लूमच्या खडखडाटामागून उत्तरेकडची माणसं आली, ती लूमजवळ बसली. मग गोदामं आली आणि मुंबईची जकात जिथे लागत नाही तिथे, मानकोलीपासून वडप्यापर्यंत, पाय पसरून बसली. जो तो आपली सोय बघून बसला. कातळीवरची माणसं मात्र बसवलेली होती.

नळाची लाइन आली तेव्हा कातळीच्या पायथ्याशी तिचे दोन फाटे झाले. एक खाली नदीकडच्या वस्तीत गेला, एक वर कातळीवर. पाण्याचं कोणाशी वाकडं नसतं, त्याला उतार दिसला की ते निघतं. खालची चावी उघडली की सगळं पाणी खाली धावे आणि वरच्या नळाला करंगळीएवढी धार येई, तीही मधूनमधून खोकत. मग बायका पायथ्याला येत. तिथे लाइनचा एक सांधा पाझरत असे, त्याखाली हंडा लावत आणि डोक्यावर घेऊन चढत. एका उमेदवाराने निवडणुकीच्या आधी कातळीवर पाण्याच्या टाकीची कोनशिला बसवली होती. टाकी यायची होती. दरम्यान कोनशिलेवर पापड चांगले वाळत.

"आपल्या मानसाच्या हातात चावी आसून आपन कोरडे," शेजारची काशीमावशी यादवला दर दोन दिवसांनी सुनवायची. "बाहेरच्यांस्नी पाजतोस आन घरच्यांस्नी चाटवतोस."

"मावशी, पानी माज्या ऐकन्यात न्हाय."

"मग चावी कशाला मिरवतोस खांद्यावर? कानात घाल."

त्या नेहमीच्या सुनावणीतून आणि कलावतीच्या गुडघ्यांमधून यादवने ठरवलं, की जाऊ तर पाणी जिथे स्वतःहून येतं तिथेच जाऊ. या शहरात घर घेताना कोणी शाळा बघतं, कोणी मशीद बघतं, कोणी हायवे किती लांब ते बघतं. यादवने प्रेशर बघितलं. शहरभरच्या चेंबरांतून त्याने ते मनात ताडून ठेवलं होतं. सगळ्यांत जास्त जोर होता कामवारी नदीकडच्या सखल भागात. तिथे तुळशीराम आगऱ्याच्या शेतात एक तीन मजली इमारत उभी राहत होती. तिचं नाव 'सरिता दर्शन'. यादवने तळमजला घेतला, कारण तळमजल्याला जोर जास्त.

आणि मग एक गंमत झाली. पाण्याच्या खात्यातला माणूस स्वतःचा पैसा घालतोय म्हटल्यावर इमारत हां हां म्हणता भरली. बिल्डरला पाटीसुद्धा रंगवावी लागली नाही. लूमवरचा मकसूद म्हाताऱ्या आईला घेऊन यादवच्या समोरच्या दारात आला. "चाचा ने लिया, मतलब सोचके लिया," तो सगळ्यांना सांगे. यादव ते ऐकून मान खाली घाली, पण कान खाली घालत नसे.

लग्न उन्हाळ्यात विहारात झालं. धम्मदिना घरी आली. तिने पहिल्याच दिवशी नळाखाली केस धुतले आणि यादवला आपण काहीतरी मोठं काम करून चुकलो असं वाटलं.

कलावतीचं मात्र जमेना. नळ घरात, तरी ती रोज सकाळी सगळे हंडे, कळश्या, पातेली भरून ओट्यावर झाकून ठेवी.

"आवो आई, कशाला भरताय?" धम्मदिना विचारी. "नळ हाय ना."

"राहू दे भरलेलं. हाताला सवय हाय."

खरं म्हणजे हंडा भरून झाल्यावर ती क्षणभर नळाशी थांबे. "सर की बाजूला, माजा नंबर" असं म्हणणारं कोणी मागे नसे. मग ती नळ बंद करी. कातळीवर सांजचं वारं सुटायचं, ओट्यावर बसलं की हायवेचे दिवे दिसायचे. इथे खिडकी उघडली की मकसूदची खिडकी दिसायची. कातळीवरचं घर त्यांनी विकायला काढलं होतं. ते विकलं गेलं नाही, कारण घेणारा कोणी नव्हता.

जुलैच्या सव्वीस तारखेला तो पाऊस आला. त्याच्याबद्दल सगळ्यांचं इतकं सांगून झालंय, की यादवपुरतं सांगायचं तर एवढंच, की त्या दिवशी पाणी खरोखरच आपल्या पायाने चालत आलं. आधी जिन्याच्या पहिल्या पायरीशी आलं, मग उंबऱ्याशी आलं, आणि पुढे त्याने कोणाला काही विचारलं नाही. इमारतीतली माणसं कपड्यांची बोचकी, टीव्ही, पेट्या घेऊन गच्चीकडे धावली. कलावती ओट्यावरचा भरलेला हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन जिना चढू लागली.

"आगं, डोकं फिरलं काय?" यादव टीव्ही पोटाशी धरून ओरडला. "सगळीकडं पानीच पानी, आन तू पानी घेऊन चाललीस?"

"तुमी टीवी घ्या," कलावती न थांबता म्हणाली.

तिने सुनेलाही कळशी घेऊ दिली नाही. स्वतःच पुन्हा उतरली आणि पुन्हा चढली, पाणी गुडघ्याला लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तळमजला दिसत नव्हता. फिकट चहाच्या रंगाचा एक तलाव होता आणि त्यात 'सरिता दर्शन'चे वरचे दोन मजले उभे होते. सरितेने दर्शन असं घरात येऊन दिलं होतं. मिथुन मानकोलीला गोदामाच्या माळ्यावर अडकला होता, सुखरूप होता. गच्चीवर सगळं बिऱ्हाड ओलं होऊन बसलं होतं आणि एकाएकाला कलावतीच्या हंड्यातलं पाणी पेल्यापेल्याने मिळत होतं. वाटप कलावतीच करत होती. पहिला पेला मकसूदच्या आईला गेला.

"चाचा," मकसूद हळूच म्हणाला, "आपने बोला था ना, इधर पानी अपने पैर से आता है।"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर यादवला बरं वाटलं असतं.

इतक्यात तुळशीराम आगरी होडी वल्हवत आला. खाडीवरची बापजाद्यांची होडी त्याने हौसेने जपून ठेवली होती. आज ती त्याने स्वतःच्याच विकलेल्या शेतात घातली होती.

"यादव! हाईस का?"

"हाय. तुळशीरामशेठ, हे काय हो?"

"काय म्हंजे? पानी."

"दरसाल येतं काय?"

"येवडा तर मी पन न्हाय बघला. पन मांडीएवडा येतो मधून मधून. म्हनून तर आमी हितं भात लावाचू. घर कोन बांधतो?"

"मग मला सांगायचं न्हाय का!"

तुळशीरामने वल्हं आडवं ठेवलं आणि प्रामाणिकपणे विचार केला. "मना वाटला, पान्याचे खात्याचा मानूस जागा घेतो, त्याला मी काय सांगनार? मी घरान बोल्लो पन, यादवनी घेतला म्हंजे सरकारनी हितला पानी बंद केला असंल."

गच्चीवर कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, मकसूदची आईसुद्धा, तिला कळलं नव्हतं तरी. यादव एकटा कठड्यावरून खाली बघत राहिला. आयुष्यभर त्याने पाणी कुठे जोरात येतं एवढंच पाहिलं होतं. ते तिथेच का येतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

पूर ओसरल्यावर ते कातळीवर परतले. घर जसंच्या तसं होतं. खडकावर पावसाचा थेंब थांबला नव्हता. काशीमावशीने भाकरी आणून दिली आणि टोमणा मारला नाही, यावरून किती वाईट झालं होतं ते यादवला कळलं.

नंतरच्या दिवसांत एक नवल घडलं. टेमघरचे पंप पुन्हा सुरू झाले, पण खालच्या लाइनीत चिखल शिरला होता. ती फोडून धुवायची होती. म्हणून खालची चावी पक्की बंद ठेवली. खाली जायला वाट नाही म्हटल्यावर पाणी निमूटपणे कातळी चढलं. सकाळी काशीमावशीने सवयीने नळाखाली हंडा लावला आणि तो असा दणक्याने भरला की ती दोन पावलं मागे सरली.

"आगं बया! यादवनं चावी फिरवली!"

"मी काय फिरवली न्हाय, मावशी. खालची बंद हाय म्हनून..."

"गप. येवढी वर्सं फिरवली न्हाईस, आता घरात पुरानं पानी दावलं तवा फिरवलीस."

कोणी ऐकून घेईना. बायकांनी नळाला हळद-कुंकू वाहिलं नाही एवढंच, बाकी सगळं केलं. पोरं नळाखाली नाचली. म्हाताऱ्यांनी भर दुपारी अंघोळी केल्या. कोनशिलासुद्धा कोणीतरी धुऊन काढली. धम्मदिना दारातल्या नळावर पाणी भरी आणि दोन पावलांत घरात नेई. यादव ते बघे आणि मनात म्हणे, शब्द राहिला. जरा आडवाटेने राहिला, पण राहिला.

आठवडा संपायच्या आत मुकादमाचा निरोप आला. लाइन धुऊन झाली, खालची चावी सोडा.

यादव चावी खांद्यावर टाकून पायथ्याच्या चेंबरशी आला तेव्हा तिथे दोन्हीकडची माणसं आधीच हजर होती. अशी बातमी पाण्याच्या आधी पोचते. खालून मकसूद आला होता. गुडघ्यापर्यंत वाळका चिखल, हातात रिकामी बादली. वरून काशीमावशी आणि चार बायका आल्या होत्या. कलावती त्यांच्या मागे उभी होती, काखेत रिकामा हंडा.

"चाचा, कीचड़ सूख रहा है," मकसूद म्हणाला. "सूख गया तो फिर कुदाल से निकालना पड़ेगा। अम्मी बाहर खटिया पे बैठी है, पानी गिरता है तो ऊपर प्लास्टिक पकड़ते हैं।"

काशीमावशीने यादवला बाजूला ओढलं. "हे बघ. चावी अडकली म्हनून सांग. गंज धरलाय म्हनावं. कोन उतरून बघनार हाय त्या खड्ड्यात?"

गोष्ट खरी होती. चेंबरच्या आत हात घालणारा त्याच्याखेरीज दुसरा कोणी नव्हता, आणि चाव्या अडकायच्या, त्यात काही विशेष नव्हतं. पंधरा दिवस अडकली असती, महिनाभर अडकली असती. पावसाळा निघाला असता. तेवढ्यात मिथुनने वडप्याकडे भाड्याची खोली बघितली असती. नव्या सुनेच्या डोक्यावर हंडा न येता सगळं पार पडलं असतं, आणि जानकीबाईंच्या डोळ्याला डोळा देता आला असता. खोटं बोलायचं ते किती? एकच वाक्य, तेही लोखंडाबद्दल.

त्याने कलावतीकडे पाहिलं. त्याची अशी अपेक्षा होती, की तिने नजरेने 'अडकली म्हना' म्हणावं. उभ्या संसारात तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. एवढं तिने मागितलं असतं तर त्याने दिलं असतं.

कलावतीने हंडा या काखेतून त्या काखेत घेतला.

"मकसूदच्या आईला टेकायला कोरडी जागा न्हाय," ती म्हणाली. "आन घर तिनं तुमच्याकडं बघून घेतलंय. सोडा."

"आन आपलं?"

"आपलं काय? कातळी काय हालली न्हाय जाग्यावरनं."

यादवने झाकण उघडलं, चावी आत सोडली आणि मूठ धरून गोल फिरू लागला. चावी अडकली नाही. उलट नको इतकी सहज फिरली. खाली पाइपात आधी हवा घुसमटली, मग घरघर झाली, मग लांबवर खालच्या वस्तीतून पोरांचा ओरडा ऐकू आला. मकसूद बादली घेऊन पळत सुटला आणि निम्म्या वाटेवर थांबून त्याने वळून सलामाचा हात कपाळाला लावला. बायका चढाला लागल्या. वर धम्मदिना नळाखाली कळशी लावून उभी होती. तिची धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली आणि खोकायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादवने ड्युटीवरून येताना चावी काशीमावशीच्या भिंतीला टेकवली आणि हंडा घेऊन पायथ्याच्या सांध्यापाशी रांगेत उभा राहिला. रांगेत सगळ्या बायका. त्यांना आधी वाटलं, तो सांधा बंद करायला आलाय. एकदोघींनी शिव्यांची तयारीसुद्धा केली. मग त्याने हंडा खाली लावला, तेव्हा त्या शिव्या तशाच राहिल्या.

"आवो भाऊजी," एकीला राहवेना, "पानीखातं कुनीकडं चाललं?"

"वर," यादव म्हणाला.

पुरुष पाणी वाहतो तेव्हा खांद्यावर वाहतो. यादवनेही हंडा आधी खांद्यावर घेतला. पण त्या खांद्याला जन्मभर चावीची सवय. भरला हंडा तिथे ठरेना. तो डुचमळला, अर्धा अंगावर आला. बायका खो खो हसल्या. कलावती रांगेत मागे होती. ती पुढे आली, आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून तिने त्याच्या डोक्यावर नीट बसवली, हंडा पुन्हा भरला आणि काशीमावशीने एका बाजूने हात दिला.

"नेट मानंत ठेवायचा, पायात न्हाय," काशीमावशी म्हणाली. हा तिने त्याला आयुष्यात दिलेला पहिला सल्ला, ज्यात टोमणा नव्हता.

निम्म्या चढावर धम्मदिना धावत उतरली. तिचा चेहरा लाजेने लाल झाला होता. वस्ती ओट्याओट्यावर उभी राहून बघत होती.

"बाबा, द्या इकडं. काय हे! लोक बघतात."

"हात लावू नगंस," यादव दम खात म्हणाला. "तुज्या आईला शब्द दिलाय."

"आईला मी सांगते ना..."

"जा, ओट्यावर जागा कर."

ती दोन पावलं मागे मागे गेली आणि मग पळत वर गेली. यादवच्या कानशिलावरून पाण्याचा ओघळ गळ्यात उतरत होता. खालून खालच्या वस्तीचा आवाज येत होता. घरं धुतली जात होती. भांडी आपटत होती. पाणी जोरात चालू होतं. त्याला एकदा वळून बघावंसं वाटलं. त्याने मान कलती केली, तसा हंडा हलला.

"मान सरळ," मागून कळशी घेऊन येणारी कलावती म्हणाली. "डोक्यावर भरला हंडा आसला की खाली बघायचं नसतं."

यादवने मान सरळ केली आणि तो चढू लागला.